ती पळाली ते लिहिण्यासाठी

(दृश्य: नाशिकरोड स्टेशन. सकाळची गर्दी. पंचवटी एक्स्प्रेस फलाटाला लागते आहे.)

पासवाले, नोकरदार, कोर्टाच्या तारखेला निघालेले लोक. पंचवटी आली की दोन मिनिटांत फलाट रिकामा होतो. या गर्दीत अधूनमधून एखादं मूल असं दिसतं, ज्याच्या सोबत कुणीच नसतं. पाठीवर दप्तर, आणि त्यात पुस्तकांऐवजी कोंबलेले कपडे. मुलगा असला की लोक म्हणतात, बापाने मारलं असेल. मुलगी असली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुणाबरोबर पळाली?

एव्हलिन लाऊ कुणाबरोबरही पळाली नव्हती.

(दृश्य: व्हँकुव्हर शहराची जुनी छायाचित्रं.)

कॅनडातलं व्हँकुव्हर. 1971 साली एका चिनी स्थलांतरित कुटुंबात तिचा जन्म झाला. आईवडिलांना ती डॉक्टर व्हायला हवी होती. अभ्यासात ती हुशार होतीच. पण तिला कविता लिहायच्या होत्या, आणि घरात लिहायला बंदी. मग ती चोरून लिहायची. 1986 च्या मार्चमध्ये, चौदा वर्षांची असताना, तिने घर सोडलं.

पुढची दोन वर्षं वाईट होती. रस्ता, अनोळखी लोकांची घरं, सरकारी निवारे, तिथून पुन्हा पळणं, अमली पदार्थ, पैशासाठी स्वतःचं शरीर विकावं लागणं, जीव द्यायचे प्रयत्न. हे सगळं तिने स्वतः लिहून ठेवलं आहे. त्यातला एकेक प्रसंग आम्ही इथे पुन्हा उभा करणार नाही. ती तेव्हा लहान होती, एवढं लक्षात असू द्या.

सांगायचं आहे ते वेगळंच. या दोन वर्षांत तिचं लिहिणं थांबलं नाही. डोक्यावर छप्पर नाही, उद्या कुठे झोपायचं ठाऊक नाही, आणि ही मुलगी डायरी लिहिते आहे. त्या डायरीचं पुस्तक झालं, ‘रनअवे: डायरी ऑफ अ स्ट्रीट किड’. ते 1989 मध्ये निघालं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. कॅनडात ते हातोहात खपलं.

(दृश्य: काळा पडदा. त्यावर चित्रपटाचं नाव.)

त्यावरून ‘द डायरी ऑफ एव्हलिन लाऊ’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक स्टुर्ला गुनारसन. एव्हलिनचं काम केलं सँड्रा ओ हिने. पुढे ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या मालिकेमुळे ती जगभर पोचली. पण तेव्हा ती नाट्यविद्यालयातून नुकतीच बाहेर पडली होती. सँड्राही 1971 चीच, आणि तीही स्थलांतरितांचीच मुलगी, कोरियन कुटुंबातली. तिच्या घरच्यांनाही नटीचं काम पसंत नव्हतं. पत्रकारितेची शिष्यवृत्ती सोडून ती नाटक शिकायला गेली होती. घरच्यांच्या मनाविरुद्ध जाणं म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. या भूमिकेसाठी फ्रान्समधल्या कानच्या महोत्सवात तिला अभिनेत्रीचं बक्षीस मिळालं. हा महोत्सव चित्रपटांचा प्रसिद्ध ‘कान’ नव्हे, टीव्हीसाठी केलेल्या कामांचा.

अशा चित्रपटात एक मोठी अडचण असते. रस्ता दाखवता येतो, सुई दाखवता येते, पोलिसांची गाडी दाखवता येते. लिहिणं कसं दाखवणार? वहीवर वाकलेली मुलगी कॅमेऱ्याला किती वेळ पुरणार? म्हणून असे चित्रपट भराभर रस्त्यावर उतरतात, आणि बघणाराही म्हणतो, ‘बिघडलेल्या मुलीची गोष्ट.’ ही बिघडलेल्या मुलीची गोष्ट नाही. लेखिकेची गोष्ट आहे, असं आम्हाला ठामपणे वाटतं. घर सुटलं ते लिहिण्यापायी, आणि घर सुटल्यावर हातात राहिलं तेही लिहिणंच.

(दृश्य: कॉलेजरोड, संध्याकाळ. क्लास सुटतो आहे. सायकली, स्कुट्या, पाणीपुरीची गाडी.)

नाशिकमध्ये हा चित्रपट का आठवावा? कॉलेजरोडला, गंगापूररोडला संध्याकाळी उभं राहून बघा. नीटची तयारी, जेईईची तयारी, भिंतीएवढ्या फलकांवर गेल्या वर्षीच्या मुलांचे फोटो आणि मार्क. या गर्दीतल्या एखाद्या मुलीच्या बायोलॉजीच्या वहीत पुढून हृदयाची आकृती असते, शिसपेन्सिलीने नीट काढलेली, डावीकडे नावं, उजवीकडे बाण. तीच वही उलटी धरून मागून उघडली तर चार ओळी, खोडलेल्या, परत लिहिलेल्या. शेवटचं पान स्टेपलने बंद केलेलं.

आईच्या हाती ती वही लागली की घरात काय होतं, ते अनेकांना ठाऊक आहे.

पण आईबापांना खलनायक करून मोकळं होता येणार नाही. निफाडकडे द्राक्षबाग असलेला बाप. बाग उतरायला आली की अवकाळी येतो, गारपीट होते, आणि वर्षाचं पीक आडवं. त्याने मुलीच्या क्लासची फी उसनवारी करून भरलेली असते. मुलीला डॉक्टर झालेलं बघायचं असतं ते गावात मिरवण्यासाठी नाही. तिचं पोट पावसावर अवलंबून राहू नये म्हणून. व्हँकुव्हरला गेलेल्या त्या चिनी आईबापांची भीतीही याहून फार निराळी नसावी. परक्या देशात कवितेवर कोण जगणार?

याच नाशिकचे वि. वा. शिरवाडकर. त्यांनी तरुणपणी गोदावरी सिनेटोनसाठी ‘सती सुलोचना’ची पटकथा लिहिली, त्यात लक्ष्मणाचं कामही केलं. चित्रपट पडला. शिरवाडकर लिहीत राहिले, आणि 1987 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. पडायला वेळ मिळाला म्हणून पुढचं घडलं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला तेवढा वेळ देणारं घर अजून कमीच सापडतं.

(दृश्य: पुन्हा स्टेशन. रेल्वे सुरक्षा दलाची चौकी.)

फलाटावर एकटं मूल सापडलं तर काय होतं? रेल्वे सुरक्षा दल त्याला ताब्यात घेतं. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. घरच्यांना बोलावलं जातं. घरी पाठवणं धोक्याचं वाटलं तर बालगृहात ठेवतात. नाव, गाव, वय, शाळा, पालकांचा फोन, सगळं विचारलं जातं आणि ते विचारायलाच हवं. आमचं मागणं एवढंच की त्या चौकशीत आणखी एक प्रश्न असावा: तुला काय करायचं होतं, जे घरी करता येत नव्हतं? उत्तर मार, लग्न, नापास असं काहीही असू शकेल. एखादीचं उत्तर ‘लिहायचं होतं’ असंही असेल. ते ऐकून हसू नये.

एव्हलिन लाऊने पुढे कवितासंग्रह, कथा, आत्मपर लेख लिहिले. 1992 च्या ‘ईडिपल ड्रीम्स’ या संग्रहाला कॅनडाच्या गव्हर्नर जनरल पुरस्कारासाठी नामांकन मिळालं. 2011 मध्ये व्हँकुव्हरने, ज्या शहराच्या रस्त्यांवर ती बेघर फिरली होती त्याच शहराने, तिला आपली राजकवी म्हणून नेमलं.

(पडद्यावर मोठ्या अक्षरात: 1098)

हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक आहे. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत. घर सोडलेलं किंवा सोडायच्या विचारात असलेलं मूल स्वतः फोन करू शकतं. असं मूल दिसलं तर तुम्हीही करा.