टेबलावरच्या कॉम्प्युटरला मराठीत मजकूर सांगताना

नमस्कार श्रोतेहो.

फोनशी बोलायची सवय आता घरातल्या आजी-आजोबांनाही झाली आहे. 'भजन लाव' म्हटलं की फोन भजन लावतो. मग टेबलावरच्या कॉम्प्युटरलाही तसंच सांगता येईल असं वाटतं, आणि तिथे हमखास विरस होतो.

२०१५ साली विंडोज १० बरोबर कोर्टाना नावाची मदतनीस आली होती. इंग्रजीत सांगितलं की ती आठवण लावून द्यायची, फाइल शोधून द्यायची. मराठी ती शिकलीच नाही, आणि २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तिला निरोप दिला. आता विंडोज ११ मध्ये व्हॉइस ॲक्सेस आहे. 'शो नंबर्स' म्हटलं की पडद्यावरच्या एकेका बटणावर आकडा उमटतो. हवा तो आकडा बोला, ते बटण दाबलं जातं. संधिवाताने बोटं आखडलेल्या माणसाला ही सोय फार मोलाची आहे. पण मराठीत दिलेला हुकूम त्याला कळत नाही. म्हणून माझं मत असं, की आपण मराठी माणसांनी कॉम्प्युटरला कामं सांगत बसू नये, मजकूर सांगावा. गडी म्हणून तो कच्चा आहे, लेखनिक म्हणून चांगला.

आता पहिली अडचण, जिच्याकडे कोणी बघतच नाही. लॅपटॉपला माईक आतच असतो. ज्याला आपण सीपीयू म्हणतो त्या डब्याला बहुधा नसतोच! माणसं पडद्यासमोर बसून तासभर बोलतात आणि म्हणतात, याला मराठी येत नाही. अहो, त्याला कानच नाहीत. बरं, फोनचा इयरफोन आणून खोचला, तरी ऐकू जाईलच असं नाही. त्या इयरफोनच्या पिनेवर तीन रेघा दिसतील. म्हणजे आवाज ऐकणं आणि बोलणं दोन्ही एकाच पिनेत. जुन्या डब्याला मात्र दोन वेगळी भोकं असतात, हिरवं ऐकण्याचं आणि गुलाबी माईकचं. मध्ये जोडायला एक छोटा दुभागा, म्हणजे स्प्लिटर, मिळतो, तो घ्या. नाहीतर सरळ यूएसबीचा हेडफोन घ्या, म्हणजे रंग बघायलाच नकोत. माईक ओठांच्या अगदी समोर धरू नका, श्वासाचा फुत्कार आत जातो. ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं अंतरावर ठेवा. आणि बोलताना पंखा थोडा हळू करा. आपल्या वडोदऱ्यात घरोघरी झोपाळा आहे. त्याच्या कड्या कुरकुरत असतील, तर तेवढा वेळ झोपाळ्यावरच्या मंडळींना थांबायला सांगा.

माईक लागला की बाकीचं सोपं आहे. क्रोम ब्राउझरमध्ये गूगल डॉक्स, म्हणजे लिहायचं कोरं पान, उघडा, टूल्समध्ये व्हॉइस टायपिंग निवडा, भाषा मराठी करा. माईकच्या चित्रावर टिचकी मारली की ब्राउझर परवानगी विचारतो, ती द्यायची. घाईत नको म्हटलं असेल, तर पुढे कितीही बोला, काही उमटणार नाही. विंडोज ११ वर दुसरीही वाट आहे: सेटिंग्जमध्ये मराठी भाषा घालून घ्या, ती निवडा आणि विंडोजचं बटण व एच एकत्र दाबा. कर्सर जिथे असेल तिथे अक्षरं येतात. दोन्हीकडे इंटरनेट चालू लागतं.

एक एक शब्द सुटा सांगू नका. ही यंत्रणा नुसता आवाज ओळखत नाही, शेजारचे शब्द बघून अंदाज बांधते. पूर्ण वाक्य मनाशी ठरवून एका दमात बोललात, तर चुका कमी होतात. डॉक्समध्ये विरामचिन्हं मात्र हातानेच द्या. 'पूर्णविराम' म्हणालात, तर तो शब्दच वाक्यात येऊन बसेल. आडनावं आणि गावांची नावं तर तपासायलाच हवीत.

वडोदऱ्याची अडचण आणखी वेगळी आहे. आपल्या मराठीत गुजराती इतकी मुरली आहे, की वांग्याच्या भाजीला 'रिंगणाचं शाक केलं' म्हटलं, तरी ते आपल्याला मराठीच वाटतं. मराठीवर ठेवलेली यंत्रणा गुजराती शब्द ऐकते तेव्हा जवळचा मराठी शब्द शोधते, आणि कधी भलतंच लिहिते. त्यासाठी जीभ साफ करायची गरज नाही. पत्र पुण्याला जायचं असेल तर वांगी म्हणा, इथल्याच फत्तेपुऱ्यात जायचं असेल तर रिंगणच म्हणा आणि चुकीचा उमटलेला शब्द नंतर दुरुस्त करा. सबंध मजकूरच गुजराती असेल, तर भाषा बदलून घ्या, अक्षरंही गुजराती येतील.

याहून मोठा उपयोग मला नातवंडांसाठी दिसतो. इंग्रजी किंवा गुजराती शाळेत जाणारी आपली मुलं घरी मराठी छान बोलतात, पण लिहायला बसली की ऱ्हस्व-दीर्घापाशी अडतात. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्या शहरात मराठी बोलणाऱ्याला मराठी लिहिता येऊ नये, हे मला बोचतं. अशा मुलाला माईकपुढे बसवा आणि आजीला पत्र सांगायला लावा. तोंडातून निघालेलं वाक्य समोर देवनागरीत उमटताना दिसतं, आणि चुकलेला शब्द तोच हाताने नीट करतो. पाठ्यपुस्तकापेक्षा हे त्याला जास्त रुचेल, असा माझा अंदाज आहे.

आजी-आजोबांनी आपल्या आठवणी अशाच सांगून ठेवल्या तर फारच उत्तम. चार-पाच वाक्यांनंतर थांबा आणि वाचून बघा. पानभर झाल्यावर चुका शोधणं कंटाळवाणं होतं.

बँकेचा ओटीपी, पासवर्ड, आधारचा नंबर मात्र बोलून लिहू नका. तुमचा आवाज ओळखला जातो तो दूरच्या सर्व्हरवर, घरातल्या डब्यात नाही. डॉक्समधलं माईकचं चित्र लाल दिसतंय तोवर ते ऐकतंय, म्हणजे मागे स्वयंपाकघरातलं बोलणंही पत्रात जाऊ शकतं. काम झालं की पुन्हा टिचकी मारून ते बंद करा. नमस्कार.