रविवारी बंद

नमस्कार, श्रोतेहो.

आज मी कोंबडीच्या सँडविचवर बोलणार आहे असं सुरुवातीलाच सांगितलं, तर तुमच्यातले निम्मे लोक रेडिओचा कान पिळतील. म्हणून दुसऱ्या टोकाने सुरू करते. खाण्याच्या दुकानाचा मालक देवभक्त आहे. आणि ती भक्ती त्याने घरच्या देवापुरती न ठेवता दुकानाच्या कारभारातच आणली आहे. अशा दुकानाबद्दल गिऱ्हाईक काय म्हणतं? अमेरिकेत या प्रश्नावरून लोक हमरीतुमरीवर आलेले आहेत, आणि ज्या दुकानावरून आलेत त्याचं नाव चिक-फिल-ए.

नाव विसरलात तरी चालेल, पण दोन शब्द लक्षात ठेवा. रविवारी बंद.

थोडी पूर्वपीठिका सांगते, थोडीच, कारण मला पुढची पार्किंगमधली गोष्ट सांगायची घाई आहे. ट्रूएट कॅथी नावाचे गृहस्थ. १९४६ साली त्यांनी भावाबरोबर जॉर्जिया राज्यात, अटलांटाजवळच्या हेपव्हिल गावात एक छोटं उपाहारगृह काढलं. ते रात्रंदिवस उघडं असायचं, पण आठवड्याचे सहाच दिवस. सातव्या दिवशी, म्हणजे रविवारी, कुलूप. कॅथी बॅप्टिस्ट पंथाचे. रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवायला जायचे, आणि तेही पन्नासहून जास्त वर्षं. पुढे १९६७ साली अटलांटाच्या एका मॉलमध्ये चिक-फिल-ए नावाचं पहिलं दुकान उघडलं. आज तीन हजारांच्या वर दुकानं आहेत, पण कंपनी अजून घरचीच. शेअर बाजारात गेलेली नाही. देवाचा गौरव करणं हे आपलं उद्दिष्ट आहे, असं या कंपनीने १९८२ साली लेखी मांडून ठेवलंय. आणि आज इतक्या वर्षांनंतरही, रविवारी बंद.

अटलांटात अमेरिकन फुटबॉलचं एक भलंमोठं स्टेडियम आहे. त्याच्या आतसुद्धा यांचं दुकान आहे. आता तिथल्या संघाचे बहुतेक सामने रविवारी. सत्तर हजार भुकेली माणसं आत आणि हे दुकान बंद! व्यापाराच्या पुस्तकात हे बसत नाही. पण दुकानाला आठवड्याची सुट्टी असावी असं माझं फार जुनं मत आहे. रात्री दोन वाजता कुणाला तळलेले बटाटे मिळाले नाहीत म्हणून जग थांबत नाही. असो, तो आजचा विषय नाही.

सँडविच म्हणाल तर अगदी साधं. मसाला लावलेला, पिठात घोळवलेला कोंबडीचा तुकडा, शेंगदाण्याच्या तेलात तळलेला. लोणी लावून शेकलेला पाव. आत मुरवलेल्या काकडीच्या दोन चकत्या. संपलं. कांदा नाही, टोमॅटो नाही. आणि तुम्ही ‘थँक यू’ म्हणालात की काउंटरवरची मुलगी ‘माय प्लेझर’ म्हणते. हा शब्द कॅथींनी एका आलिशान हॉटेलात ऐकला आणि सगळ्या नोकरांच्या तोंडी बसवला. अमेरिकेत गिऱ्हाइकांच्या समाधानाची दरवर्षी मोठी पाहणी होते. त्यात २०१५ पासून पुढे कित्येक वर्षं झटपट खाण्याच्या दुकानांत यांचाच पहिला नंबर होता. तर गोडवा किती हे तुम्हाला कळलं. आता कडूपणा.

२०१२ साली ट्रूएट कॅथींचे चिरंजीव डॅन कॅथी एका बॅप्टिस्ट वृत्तपत्राशी बोलताना म्हणाले की आम्ही बायबलमध्ये सांगितलेल्या कुटुंबव्यवस्थेच्या बाजूने आहोत. म्हणजे दोन पुरुषांचं किंवा दोन स्त्रियांचं लग्न आम्हाला मान्य नाही. शिवाय कंपनीच्या देणग्या अशा लग्नांना विरोध करणाऱ्या संस्थांना जात होत्या, हेही लोकांना ठाऊक होतं. झालं! बॉस्टनचे महापौर म्हणाले, आमच्या शहरात येऊ नका. उलट अर्कान्सासचे माजी गव्हर्नर माइक हकबी यांनी हाक दिली की १ ऑगस्टला सगळ्यांनी या दुकानात जाऊन जेवा. आणि लोक गेले, रांगा रस्त्यापर्यंत आल्या. दोनच दिवसांनी, ३ ऑगस्टला, विरोधकांनी त्याच दुकानांसमोर जोडीने येऊन चुंबनं घेतली. सँडविच तेच, चकत्या दोनच.

आता माझी गोष्ट.

लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला मी अटलांटाला गेले होते. घरात दोन महिन्यांचं बाळ, त्यामुळे रात्र आणि दिवस यांतला फरक सगळ्यांचाच गेलेला. मोठा नातू पाच वर्षांचा. धाकट्याचं कौतुक बघून त्याचा चेहरा उतरलेला. एक दिवस दुपारी मी ठरवलं की आज याला काय हवं ते खायला घालायचं. तो एका क्षणात म्हणाला, “नगेट्स! गाईवाले!” गाईवाले म्हणजे चिक-फिल-ए. त्यांच्या जाहिरातीत गाई असतात. आम्हाला सोडा आणि कोंबडी खा, असं त्या गाई चुकीच्या स्पेलिंगमध्ये लिहितात. लेक झोपली होती. जावई डोळे चोळत म्हणाले, “चला आई, मी सोडतो.” निघालो. मी साडीवर पांढरे बूट घातलेले, कारण तिथे चपला घालून थंडी वाजते.

पोचलो, तर पार्किंग रिकामं. एक गाडी नाही. जावयांनी गाडी लावली, किल्ली काढली, आणि दार उघडता उघडता स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. “आई, आज रविवार.”

नातवाने भोकाड पसरलं. अहो, पण गंमत पुढे आहे. आम्ही निघणार तेवढ्यात मागून दुसरी गाडी आली आणि शेजारी लागली. एक वयस्कर जोडपं. बाईंच्या डोक्यावर जांभळी टोपी, तिला जाळी, जाळीला पीस. चर्चमधून थेट आलेल्या. बाईंनी दुकानाच्या अंधाऱ्या काचेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि इतक्या जोरात हसल्या की आमचं रडणारं पोरगं गप्प झालं. त्यांनी काच खाली केली. “दर दोन महिन्यांनी हे असंच होतं बघा! चर्चमधून बाहेर पडलं की मला यांचीच भूक लागते, आणि चर्चमधून बाहेर पडते म्हणजे रविवारच की!”

मी खाली उतरले. मला रिकाम्या गाडीत बसून राहायला आवडत नाही. तेवढ्यात तिसरी गाडी. लाल, छोटी. चालवणारा पस्तिशीचा तरुण, मागच्या सीटवर एक कुत्रा, नाक काचेला लावून. तोही थांबला, दुकानाकडे बघत राहिला, मग आमच्याकडे. आमची ती सभा बघून त्याला हसू आवरेना.

आता बंद दुकानासमोर उभी असलेली गिऱ्हाइकं काय बोलणार? दुकानाबद्दलच. बाई म्हणाल्या, “माझी नात यांच्याकडे कामाला आहे. आठवडाभर राबते, पण रविवार तिचा हक्काचा. देवासाठी म्हणा, नाही तर पोरीच्या झोपेसाठी म्हणा, मला दोन्ही चालतं.” हे मला पटलं. फक्त मनात आलं, जिचा देव शनिवारी विश्रांती सांगतो त्या मुलीने काय करायचं? पण पाहुण्यांनी फाटे फोडू नयेत, म्हणून गप्प बसले. बाईंचा नवरा, उंच, पट्टेवाल्या विजारीतला, गाडीला टेकून म्हणाला, “हे रविवारी उघडायला लागले ना, की मी यायचा बंद.”

तरुण म्हणाला, “मी तर येतच नाही इथे.”

आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तोही लाजला. “म्हणजे येत नव्हतो. २०१२ पासून.” मग आपल्या बोटातल्या अंगठीशी खेळत म्हणाला, “माझा नवरा अजूनही येत नाही. त्याला माहीतही नाही मी आलोय. मी लहान असताना आई दर शनिवारी इथे आणायची. मधेच ती चव आठवते. आज म्हटलं, एकदाच. तर बघा, देवानेच दार लावून घेतलं!”

जांभळ्या टोपीवाल्या बाई पुन्हा हसल्या. मीही हसले. वातावरण छान झालं होतं, श्रोतेहो. तिथेच सगळ्यांनी आपापल्या गाड्यांत बसायला हवं होतं.

पण त्या आजोबांना राहवलं नाही. ते म्हणाले, “मी होतो त्या १ ऑगस्टच्या रांगेत. दोन तास उभा होतो.” तरुणाचा चेहरा बदलला. आजोबा घाईघाईने म्हणाले, “तुझ्या लग्नाच्या विरोधात नव्हतो रे. कुणी दुकान कुठे काढावं हे महापौराने का सांगावं, म्हणून गेलो.” तरुण शांतपणे म्हणाला, “मला त्या रांगेतल्या लोकांचे चेहरे टीव्हीवर दिसत होते. त्यातला कोण कशासाठी उभा होता हे मला दिसत नव्हतं.”

मी हे वाक्य त्या रात्री झोपेपर्यंत घोळवत होते.

आजोबा तरी थांबावेत! नाही. म्हणाले, “माझाही यांच्यावर राग आहे. २०१९ साली यांनी साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेला देणगी देणं थांबवलं, ओरडणाऱ्यांना घाबरून.” बाईंनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. “तुला गप्प बसवत नाही का?” तरुणाने आम्हाला ‘छान दिवस जावो’ म्हटलं, अगदी सभ्यपणे, आणि लाल गाडी वळवून निघून गेला. कुत्रा मागच्या काचेतून आमच्याकडे बघत होता. बाई टोपी काढून हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, “चांगला पोरगा होता.” कुणाला उद्देशून म्हणाल्या ते कळलं नाही.

घरी येऊन नातवाला मी पोहे दिले. त्याने ते गाडीत सांडले नाहीत, कारण गाडीत खायचं नाही असा माझा नियम आहे. अमेरिकेत गाडीच्या सीटखाली जेवढं अन्न सापडतं तेवढ्यात एक कुटुंब जेवेल.

तर एका कंपनीवर दोघेही रागावलेले, वेगवेगळ्या साली, उलट कारणांनी. आणि दोघंही रविवारी भुकेने तिथेच आलेले. पहिल्यांदा रांगा बघितल्या तेव्हा मला वाटलं होतं, एवढे लोक येतात म्हणजे लोकांना हे पटतंय. तसं नाही. रांग म्हणजे मत नव्हे. पुन्हा सांगते, रांग म्हणजे मत नव्हे. त्या रांगेत कुणी देवासाठी असतो, कुणी बटाट्यासाठी, आणि कुणी नवऱ्याला न सांगता आलेला.

कॅलिफोर्नियात इन-एन-आऊट म्हणून बर्गरवाले आहेत, १९४८ पासूनचे, तेही घरचेच. त्यांच्या पेल्याच्या बुडाला बारीक अक्षरात ‘जॉन ३:१६’ छापलेलं असतं, बायबलमधल्या वचनाचा नुसता क्रमांक. भाचीकडे गेले होते तेव्हा मी मुद्दाम पेला उलटा करून बघितला. आतला बर्फ पायावर पडला. अर्धा पेला बर्फ भरून सोड्याचे पैसे घ्यायचे, यावर मात्र कुणी मोर्चा काढत नाही. पण त्या वचनावरून भांडण नाही. ज्याला वाचायचंय तो वाचतो, बाकीचे पेला टाकून देतात. म्हणजे नुसत्या भक्तीने गिऱ्हाईक बिथरत नाही. आपण दिलेला पैसा कुठे जातो, यावरून बिथरतं.

आणि रविवारचा हा नियम कधीच मोडत नाहीत असंही नाही. जून २०१६ मध्ये ऑर्लँडोत समलिंगी लोकांच्या एका क्लबात गोळीबार झाला. दिवस रविवारचा. तिथल्या चिक-फिल-एच्या माणसांनी रक्त द्यायला रांगेत उभ्या असलेल्यांना फुकट खायला नेऊन दिलं. डिसेंबर २०१७ मध्ये अटलांटाच्या विमानतळावरची वीज गेली, तोही रविवार, तेव्हाही अडकलेल्यांना यांनी जेवण पोचवलं. आता हे आजोबांना सांगावं की त्या तरुणाला? दोघांनाही ठाऊक असणार. तरीही.

मंगळवारी नातवाला घेऊन मी पुन्हा गेले, या वेळी लेक होती गाडी चालवायला. गाड्यांच्या दोन रांगा दुकानाला वळसा घालून उभ्या. पोरंपोरी हातात टॅबलेट घेऊन एकेका गाडीपाशी येऊन ऑर्डर लिहून घेत होती. आमच्या शेजारच्या रांगेत, दोन गाड्या पुढे, एक लाल छोटी गाडी. मागच्या काचेला नाक लावलेला कुत्रा.

रांग वळली तेव्हा त्याची खिडकी माझ्या खिडकीसमोर आली. त्याच्या मांडीवर पांढरी पिशवी होती. मला ओळखलं त्याने, साडीवरचे बूट दिसत नव्हते तरी. त्याने पिशवी थोडी खाली सरकवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी मान डोलावली. कुणाला सांगणार नाही, अशी.

आणि आज रेडिओवरून तुम्हा सगळ्यांना सांगून बसले. नमस्कार.