थांबायची मोकळीक

वाचताना डोळा ओळीवरून सलग सरकत जातो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो उड्या मारत जातो. एका जागी साधारण पाव सेकंद टेकतो, पुढे झेपावतो, आणि सरावलेल्या वाचकाचा डोळाही दर १० उड्यांमागे एखादी उडी उलटी घेतो. कधी नेम चुकलेला असतो, पण पुष्कळदा अर्थ लागलेला नसतो म्हणून तो मागे येतो. वाचनातली ही उलटी उडी मला सर्वांत मोलाची वाटते.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटी या त्याच्या गतीने चालतो. आपलं लक्ष उडालं तरी तो पुढे जातच राहतो. पुस्तक आपण थांबलो की थांबतं. चांगला चित्रपट ही कलाच आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते एक संपायच्या आत दुसरा सुरू होणाऱ्या छोट्या व्हिडिओंशी. पाहिलेलं मनात मुरायला तिथे उसंतच मिळत नाही.

वाचायची सवय मोडली असेल तर रोज २० मिनिटं ठरवा. फोन उलटा करून शेजारी ठेवू नका, दुसऱ्या खोलीत ठेवा. बरेच जण उत्साहाने जाडजूड ग्रंथ उघडतात आणि चौथ्या दिवशी मिटतात; त्यापेक्षा एका बैठकीत संपणारी कथा घ्या. शब्द अडला की तो शोधायला फोन हातात येतो आणि वाचन तिथेच संपतं. शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा, पुढे चला. पुढच्या दोन-तीन वाक्यांत बहुतेक वेळा अर्थ उलगडतो. लहान मुलाला वाचून दाखवताना पान उलटण्याआधी जरा थांबा. ‘आता काय होईल?’ एवढंच विचारा, आणि उत्तराची घाई करू नका.

आता चित्राकडे येतो, कारण पाहणं म्हणजे काय ते तिथे हाताला कळतं. सरळ कडांचा एक कप समोर ठेवा, थोडा वरून दिसेल असा. नवखा माणूस कपाच्या तोंडाचा लंबगोल दोन्हीकडे टोकदार काढतो आणि तळाला सरळ रेघ ओढतो. कप टेबलावर सपाट बसतो हे त्याला माहीत असतं, म्हणून माहीत असलेलं कागदावर उतरतं आणि दिसणारं राहून जातं. नीट पाहा: तळाची कड तोंडापेक्षा जास्त वाकलेली दिसते, कारण ती नजरेच्या पातळीपासून अधिक खाली आहे. लंबगोलाला टोक कुठेच नसतं. मापासाठी हात ताठ करून पेन्सिल समोर धरा, एक डोळा मिटा, रुंदी अंगठ्याने पेन्सिलीवर पकडा आणि ती उंचीत किती वेळा बसते ते मोजा. कोपर वाकलं की माप बदलतं. बहुतेक चुका इथेच होतात.

१० मिनिटं पुरतात. खोडरबर बाजूला ठेवा, चुकलेली रेघ तशीच राहू द्या, तिच्याशेजारी दुसरी काढा. दुसऱ्या दिवशी तोच कप घ्या, फक्त त्याचा कान दुसऱ्या बाजूला वळवा.