राब भाजण्याचे दिवस

(निवेदन)

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. नाशिकहून पेठकडे जाताना सावळ घाट ओलांडला, की डोंगरउतारावर जागोजाग धुराच्या रेषा दिसू लागतात. हा वणवा नव्हे. पावसापूर्वी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून घेण्याचे, म्हणजेच राबाचे हे दिवस आहेत.

आश्रमशाळेत नववीत शिकणारी ही मुलगी सुट्टीसाठी पाड्यावर आली आहे. वावराच्या कोपऱ्यात तिने आधी शेण पसरले, त्यावर ऐनाच्या झाडाचे वाळलेले टहाळे रचले, त्यावर पालापाचोळा आणि गवत घातले. ऐनाच्या फक्त फांद्या छाटायच्या, बुंध्याला कोयता लावायचा नाही, हे तिला कोणी आज सांगितलेले नाही. सर्वांत वर बारीक मातीचा थर येतो आणि खरी परीक्षा तिथेच आहे. थर जाड झाला तर आग गुदमरते. पातळ राहिला तर पाला भडकून जातो आणि जमीन पुरेशी भाजत नाही. ही जाडी मापात सांगता येत नाही, म्हणून आजोबा ढेकूळ तिच्या तळहातावर ठेवतात आणि तिच्याच बोटांनी ते चुरून घेतात.

पेटवताना ती वाऱ्याकडच्या बाजूला बसली. आजोबांनी नुसती मान हलवली आणि तिला पलीकडच्या टोकाला नेले. आता आग वाऱ्याच्या विरुद्ध, संथपणे सरकते आहे. त्या उष्णतेने वरच्या मातीतले तणाचे बी मरते आणि मागे पोटॅशयुक्त राख उरते. कृषितज्ज्ञ राबाऐवजी गादीवाफ्याचा, म्हणजे उंच वाफ्यावर रोपे वाढवण्याचा सल्ला देतात, फांदीतोडीवरचा आक्षेपही जुना आहे. पण ज्वलन, बीज, माती आणि वारा एकाच सकाळी शिकवणारा दुसरा तास आम्हांला तरी ठाऊक नाही.

ओसरीवर आजी शेवळे ही रानभाजी निवडते आहे. वरची साल आणि आतला पिवळा भाग ती काढून टाकते, कारण तो घशाला खाजतो. उरलेली खाज मारण्यासाठी भाजीत काकड या रानझाडाची आंबट फळे ठेचून घालतात. किती फळे घालायची, असे नात विचारते. आजी उत्तर न देता आपली मूठ उघडून दाखवते. दोघींचे बोलणे कोकणा या आदिवासी बोलीत चालले आहे.

घरच्या भाषेत किमान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत शिकवावे, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणते. जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा समूहाचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे. राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय नाशिक शहरातच आहे. तरीही शाळेच्या वेळापत्रकात राबाला आणि शेवळ्याला जागा नाही. ज्यांची शाळा मध्येच सुटते, त्यांतली कित्येक मुले दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात.

(दृश्य : विझलेला राब. फक्त वाऱ्याचा आवाज.)

पहिल्या पावसानंतर या राखेत भात पेरला जाईल आणि रोपे पुरेशी वाढली, की जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी सुरू होईल. शाळा जूनच्या मध्यावर उघडते. ओसरीच्या कडेला दिसते ती पत्र्याची पेटी तिचीच आहे.