मीटरचा लाल दिवा आणि गार पडलेले पाय

(दृश्य : अंधारी भिंत, विजेचे मीटर. त्यावरचा बारीक लाल दिवा.)

विजेच्या मीटरवर एक लहानसा लाल दिवा असतो आणि त्याच्या शेजारी एक आकडा छापलेला असतो. एक युनिट वीज खर्च होईपर्यंत हा दिवा किती वेळा लुकलुकणार, ते तो आकडा सांगतो. काही मीटरांवर तो १६०० असतो, काहींवर ३२००. आपल्यासमोरच्या मीटरवर तो १००० आहे, त्यामुळे आकडेमोड सोपी झाली आहे. या घरात या क्षणी ९ वॉटचा एक एलईडी दिवा तेवढा चालू आहे, फ्रीजचे यंत्र थांबलेले आहे, आणि मीटरचा लाल ठिपका सहा मिनिटे चाळीस सेकंदांनी एकदा उमटतो आहे.

आता कुणीतरी २००० वॉटचा हीटर लावतो. लाल ठिपका दोन सेकंदही दम धरत नाही. हीटर तासभर चालला तर दोन युनिटे जातात, आणि तेवढ्या विजेत तो एलईडी दिवा दोनशे वीस तासांहून अधिक काळ चालला असता. घरातली बोलाचाली मात्र दिवा कोणी चालू ठेवला यावरूनच होते, कारण उजेड डोळ्यांना दिसतो आणि उष्णता दिसत नाही.

(दृश्य : खुर्चीखाली एकमेकांवर घासली जाणारी दोन पावले.)

हीटर लावण्याचे कारण अगदी साधे होते. पाय गार पडले होते.

स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॉट उष्णता सतत बाहेर पडत असते. हवा थंड झाली की शरीर आधी हा खर्च आवरते. हृदय, मेंदू, यकृत यांचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास टिकवण्यासाठी ते हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करते, त्यामुळे तिकडे जाणारे रक्त कमी होते आणि बोटे थंड पडतात. म्हणजे गार पाय हा बहुतेक वेळा आजार नसून शरीराने केलेली काटकसर असते. काही जणांमध्ये मात्र ही काटकसर हाताबाहेर जाते : जरा गारवा लागताच बोटे पांढरीफटक होतात, मग निळसर, आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकू लागतात. फ्रान्सचे वैद्य मोरिस रेनो यांनी १८६२ साली या तक्रारीचे वर्णन केले आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. असे वारंवार होत असेल तर ते डॉक्टरांना दाखवावे, कारण कधीकधी त्यामागे दुसरा आजार असतो.

तक्रार दोन पावलांची होती आणि उपाय मात्र संपूर्ण खोलीवर झाला. तो कितीला पडतो ते पाहू. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा खोलीतल्या हवेचे वजन ४० किलोहून थोडे अधिक भरते. ती सगळी हवा दहा अंशांनी तापवायला लागणारी वीज आहे जेमतेम ०.१२ युनिट, म्हणजे लाल दिव्याचे सव्वाशेच्या आतले ठिपके. मग हीटर तासन्‌तास का चालतो? कारण हवा तापली तरी भिंती गारच असतात आणि आलेली ऊब त्या शोषत राहतात, फटींतून गरम हवा निसटून तिच्या जागी थंड हवा येते, आणि खिडकीच्या काचेचा वाटा तर निराळाच. एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे, पाच ते सहा वॉट उष्णता बाहेर जाते. दोन चौरस मीटरची खिडकी आणि दहा अंशांचा फरक धरला, तर शंभरावर वॉट झाले. एका बसलेल्या माणसाच्या अंगची सगळी ऊब ती खिडकी एकटीच गिळते. जाड पडदा आणि दाराखालची फट बुजवणारी कापडाची गुंडाळी या गोष्टींना घरात कुणी यंत्र म्हणत नाही, पण त्या रात्रभर काम करतात आणि मीटरला त्यांचा पत्ता लागत नाही.

(दृश्य : किटलीतून रबरी पिशवीत ओतले जाणारे पाणी.)

आता हीच गोष्ट पायांच्या बाजूने पाहू. गरम पाण्याच्या पिशवीत दीड लिटर पाणी मावते. ते २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यासाठी सुमारे ०.०७ युनिट वीज लागते. किटली स्वतः तापण्यात थोडी वाया जाते, म्हणून ०.०८ धरू. लाल दिव्याचे ऐंशी ठिपके, आणि तासभर चाललेल्या हीटरचे दोन हजार. एका तासाच्या हीटरच्या विजेत अशा पंचवीस पिशव्या भरल्या असत्या, आणि पायांना एकच पुरते. विजेवरच्या शेकपट्टीचे गणितही याच जातीचे आहे, कारण ती साधारणपणे १०० वॉटच्या आसपासच वीज घेते. पिशवी असो वा पट्टी, ऊब जिथे हवी तिथेच ठेवली जाते, आणि रिकाम्या छताखालची हवा तापवण्याचे पैसे पडत नाहीत.

शेकाचा उपयोग गारठ्यापुरताच नाही. अचानक धरलेल्या कंबरेला शेक दिल्याने काही काळ आराम पडतो, आणि ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या अमेरिकेतील वैद्यांच्या संघटनेने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शनात कंबरदुखीसाठी गोळ्यांच्या आधी करण्याच्या उपायांत त्वचेवर बाहेरून दिलेल्या शेकाचा समावेश केला. हा आराम माफक असतो. शेकाने मणका जागेवर बसत नाही, स्नायू सैलावतो एवढेच. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे किंवा ताप असेल, तर शेकत बसण्यात वेळ घालवू नये. रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा पिशवी शोधण्याचीही गरज नसते. गुडघा सरळ ठेवून पावलाचा चवडा अंगाकडे ओढला की गोळा सुटतो.

झोप न येणे ही तक्रार वरवर पाहता पायांपासून बरीच दूर आहे, पण ती इथेच येऊन मिळते. झोप लागण्यापूर्वी शरीराचे आतले तापमान किंचित उतरावे लागते, आणि आतली उष्णता बाहेर टाकण्याचा शरीराचा मार्ग म्हणजे हातापायांची त्वचा. पाय गार असले की तिथल्या रक्तवाहिन्या मिटलेल्या असतात, हा मार्ग बंद राहतो आणि माणूस कूस बदलत राहतो. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९९९ साली दाखवून दिले, की पाय उबदार असलेल्यांना झोप लवकर लागते. पाय तापवल्याने अंग आतून निवते, हे ऐकायला उलटे वाटते, पण घडते तसेच. झोपण्याच्या एक-दोन तास आधी कोमटाहून जरा अधिक गरम पाण्याने केलेली अंघोळही याच कारणाने कामी येते. लोकरीचे पायमोजे हे काम मीटरला न विचारता करतात.

(दृश्य : पिशवीवर चढवले जाणारे कापडी आवरण.)

इथे एक इशारा सविस्तर द्यायला हवा, कारण शेकाच्या बाबतीत माणसे जरा बेफिकीर असतात. त्वचा भाजायला उकळते पाणीच लागते असे नाही. ६० अंशांचे पाणी थेट त्वचेवर आले तर पाच सेकंदांत गंभीर इजा होते, आणि ४४ अंशांचा स्पर्श सहा तास टिकला तरी तोच परिणाम होतो. म्हणूनच पिशवी अंगाशी घेऊन गाढ झोपी जाणे धोक्याचे आहे. मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना कमी झाली आहे, त्यांना तर भाजत असल्याचे जागेपणीही कळत नाही. त्यांनी पायांना पिशवी किंवा शेकपट्टी लावूच नये, पायमोजे घालावेत. शेक रोज एकाच जागी घेतला तर तिथल्या त्वचेवर जाळीसारखे तपकिरी-लालसर डाग पडतात, आणि मांडीवर लॅपटॉप ठेवून काम करणाऱ्यांमध्येही हेच डाग आढळले आहेत. पिशवीत उकळते पाणी ओतू नये, ती दोन तृतीयांशच भरावी, उरलेली हवा दाबून काढावी आणि मगच बूच घट्ट करावे. रबर म्हातारे होते. तडा दिसला, चिकटपणा आला, की पिशवीचे दिवस भरले असे समजावे.

हीटरकडे पुन्हा वळू, कारण तो काही तक्रारी घालवतो तशा काही निर्माणही करतो. बाहेरची ५ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा आत घेऊन २१ अंशांपर्यंत तापवली, तर तिच्यातली वाफ तेवढीच राहते पण सापेक्ष आर्द्रता २८ टक्क्यांच्या जवळ येते. सकाळी नाक कोरडे होऊन आत खपल्या धरणे, ओठ फुटणे, डोळे चुरचुरणे, नडग्यांना खाज सुटणे, या तक्रारींसाठी मग मलमे आणि थेंब आणले जातात, आणि त्या रात्री हीटर आणखी एका अंशाने वाढवला जातो. चोंदलेल्या नाकासाठी वाफ घेण्याची सवय जुनी आहे. तिने बरे वाटते खरे, पण सर्दी त्यामुळे लवकर जाते असा खात्रीचा पुरावा नाही, आणि कलंडलेल्या भांड्यातल्या पाण्याने मुले भाजण्याचे प्रकार मात्र होतात. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाकणे त्यापेक्षा सुरक्षित आहे.

एवढे ऐकून कुणी खोली तापवणेच सोडून देईल, तर तेही चूक ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरांविषयीच्या मार्गदर्शनात थंडीच्या दिवसांसाठी किमान १८ अंशांचे तापमान सुचवले आहे, आणि वृद्ध, लहान मुले व जुनाट आजारांच्या रुग्णांना याहून अधिक ऊब लागू शकते असेही म्हटले आहे. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचित झाल्याने रक्तदाब वाढतो, हे यामागचे एक कारण. दुसरे कारण भिंतींवर दिसते : गार भिंतीवर श्वासातली आणि स्वयंपाकातली वाफ साचते, ओल धरते, बुरशी वाढते, आणि घरातला खोकला हटत नाही. तान्ह्या बाळाच्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या खोलीत मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकला तरी तो खर्च गरजेचाच आहे.

काटकसर खरोखर जिवावर उठते ती दुसऱ्याच ठिकाणी. विजेचा खर्च वाचवण्यासाठी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवणे, किंवा हवेशीर नसलेल्या जागी गॅसचा हीटर चालवणे. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या इंधनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. सुरुवातीची लक्षणे रोजच्या कुरबुरींसारखीच असतात : डोके दुखणे, मळमळ, गरगरणे, गळून गेल्यासारखे वाटणे. घरातल्या एकाहून अधिक माणसांचे डोके एकाच वेळी दुखू लागले आणि बाहेर मोकळ्या हवेत बरे वाटले, तर ती डोकेदुखी गोळीने थांबवण्याची नव्हे. सगळ्यांनी ताबडतोब बाहेर पडावे आणि मदत बोलवावी.

(दृश्य : न्हाणीघर, काचेवर साचलेली वाफ.)

खोलीच्या पाठोपाठ मोठा खर्च पाण्याचा. मिनिटाला आठ लिटर सोडणाऱ्या फवाऱ्याखाली दहा मिनिटे उभे राहिले की ८० लिटर पाणी जाते, आणि ते २० अंशांवरून ४० अंशांवर नेण्यासाठी जवळपास १.९ युनिटे. तासभराच्या हीटरइतकीच. वीस लिटरच्या बादलीला पाव भाग लागतो. फार गरम आणि लांबलेली अंघोळ त्वचेतले तेलही धुऊन नेते, म्हणजे खाज पुन्हा आलीच. पाणी साठवून ठेवणाऱ्या गिझरचे तापमान मात्र वीज वाचवण्यासाठी फार उतरवू नये, कारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात लिजिओनेला नावाचे, फुप्फुसांचा गंभीर आजार करणारे जिवाणू वाढू शकतात. साठवण ६० अंशांवर ठेवून अंगावर घेताना त्यात थंड पाणी मिसळणे, हा त्यावरचा मार्ग.

उन्हाळ्याचे गणित थोडक्यात सांगता येते, कारण तत्त्व बदलत नाही. पंखा खोली थंड करत नाही, उलट त्याच्या यंत्राची उष्णता तो खोलीत टाकतो. तो फक्त अंगावरचा घाम उडवतो. एक लिटर घाम उडताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, आणि साध्या वाऱ्याने दोन-तीन अंश गारवा जाणवतो. त्यासाठी छताचा जुना पंखा ७५ वॉट घेतो, नव्या जातीचा तीसच्या आसपास, आणि वातानुकूलन यंत्र १५०० वॉटच्या घरात. रिकाम्या खोलीत फिरणाऱ्या पंख्याचा कुणालाही उपयोग नाही. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंगावर नुसती झळ आणतो, आणि तेव्हा त्वचा ओली ठेवणे किंवा गार जागी जाणेच भाग असते.

(दृश्य : पुन्हा तीच रात्र, तीच खोली.)

हीटर बंद होऊन अर्धा तास झाला आहे. पिशवी पायांशी होती, ती आता काढून खुर्चीवर ठेवली आहे, पडदा ओढलेला आहे आणि पायांत मोजे आहेत. एलईडी दिवा मालवला जातो. मीटरचा लाल ठिपका बराच वेळ उमटत नाही. मग स्वयंपाकघरात फ्रीजचे यंत्र घरघरू लागते, आणि तो पुन्हा लुकलुकतो.