मांगरातली गिटार आणि कोकणची हवा

(सावंतवाडीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या शेतघरात, इलेक्ट्रिक गिटारी घडवते हे कळलं की लोक पहिला प्रश्न लाकडाचा विचारतात. मेपल कुठून आणलं? महोगनी मागवली का? मी त्यांना उलट विचारते, तुम्ही लाकडाला हात घालणार कोणत्या महिन्यात? कोकणात गिटार करायची तर हा प्रश्न आधीचा आहे. आज मी त्याच्याविषयीच जास्त बोलणार आहे, कारण परदेशी पुस्तकांत तो नसतो आणि आपल्याकडे तोच कळीचा आहे.

त्या पुस्तकांत लिहिलेलं असतं, लाकडातला ओलावा ६ ते ८ टक्क्यांवर आला की कामाला घ्या. ती लिहिणाऱ्यांची घरं हिवाळ्यात तापवलेली असतात, हवा कोरडी असते. लाकूड भोवतालच्या हवेशी सतत देवाणघेवाण करत असतं. हवेची सापेक्ष आर्द्रता ४५ टक्के असली तर लाकडातला ओलावा ८ टक्क्यांच्या आसपास थांबतो. ६५ टक्के असली तर १२ च्या आसपास. आणि ९० टक्के असली तर २० पर्यंत चढतो. आमच्याकडे जुलैत ९० टक्के हवा म्हणजे रोजचीच. तेव्हा मांगरात ठेवलेली फळी ८ टक्क्यांवर राहील अशी आशा करण्यात अर्थ नाही.

तुमच्या घरचे जुने दरवाजे आठवा. आषाढात ते चौकटीत घट्ट होतात, दिवाळीनंतर आपोआप सुटतात. पण उंचीला दरवाजा कधी अडला का? नाही. लाकूड फुगतं ते रुंदीत, त्याच्या धाग्यांच्या रेषेला आडवं. लांबीत जवळजवळ नाहीच. गिटारकारासाठी यात एक मोठी सवलत आहे आणि एक मोठं संकट आहे. सवलत अशी, की फ्रेटबोर्डवरची, म्हणजे तारांखालच्या पडद्यांच्या पट्टीवरची, सुरांची अंतरं लांबीत मोजलेली असल्यामुळे पावसाने सूर सरकत नाहीत. संकट असं, की बोर्डची रुंदी बदलते. फ्रेट, म्हणजे तिच्यात ठोकलेले पडदे, धातूचे, ते आक्रसत नाहीत. जुलैत फ्रेट ठोकलेली गिटार मार्चमध्ये पुण्याला गेली, त्यातही एसीच्या खोलीत राहिली, तर ५५ मिलिमीटर रुंदीचा बोर्ड अर्ध्या मिलिमीटरने सहज आत जातो. फ्रेटची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर येतात आणि वाजवणाऱ्याच्या तळहाताला ओरखडे काढतात. ती गिटार वाईट कारागिराने केलेली नसते, चुकीच्या महिन्यात केलेली असते.

म्हणून माझ्या कामाला ऋतू आहेत. जाडं लाकूडकाम दिवाळीनंतर. चिकटकाम, फ्रेटबोर्ड आणि फ्रेट डिसेंबर ते एप्रिल, हवा ६० ते ६५ टक्क्यांवर असते तेव्हा. आणि पाऊस लागला की रंधा ठेवायचा आणि तारेकडे, चुंबकांकडे वळायचं.

आता लाकूड. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा किनाऱ्यावर आंबे, फणस, माड किती आडवे झाले ते तुम्ही पाहिलंय. आमच्या वाडीतला एक जुना फणस त्यात गेला. त्याच्या फळ्या गिरणीवर चिरून घेतल्या, टोकांना उरलेला ऑइलपेंट फासला आणि मधे पट्ट्या घालून मांगरात थप्पी लावली. टोकांना रंग अशासाठी, की लाकूड टोकाकडून फार लवकर सुकतं आणि तिथूनच चिरा पडतात. सुकवण्याचा ढोबळ हिशेब इंचाला वर्ष असा आहे. गिटारच्या अंगाची जाडी साधारण ४५ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन वर्षं. पण हिशेबापेक्षा तराजूवर विश्वास ठेवा. एका फळीचं वजन दर महिन्याला लिहून ठेवा. कोरड्या दिवसांत ते उतरायचं थांबलं की लाकूड तयार. उभं झाड तोडायचं असेल तर फणस, साग, आंबा यांना १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते, ती आधी घ्या.

फणस का? दक्षिणेत मृदंगाचं खोड आणि वीणेचा भोपळा फणसातून कोरतात, ही शतकांची परीक्षा आहे. ताजा असताना पिवळाधमक, उजेडात हळूहळू गडद तपकिरी होतो. पटाशीला मऊ लागत नाही आणि चिडतही नाही. त्याहून हलकं हवं तर शिवण घ्या. शिवण फार कमी हलतं आणि सागाच्या अंगापेक्षा त्याचं अंग सुमारे अर्धा किलो हलकं होतं. दोन तास गळ्यात गिटार अडकवून उभं राहणाऱ्याला विचारा अर्धा किलो म्हणजे काय. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा मात्र इथे चालत नाही, इतक्या मऊ लाकडात स्क्रू धरत नाही. जुन्या घराच्या वाशांचा साग मिळाला तर सोन्याहून पिवळं, फक्त रंध्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधा. आणि साग तेलकट असतो, चिकटवण्याच्या लगेच आधी थिनरने पुसला नाही तर जोड सुटतो.

लाकडामुळे आवाज बदलतो का, यावर लोक रात्री जागवतात. माझं मत स्पष्ट आहे. १९३२ च्या सुमारास रिकनबॅकर कंपनीने बाजारात आणलेल्या पहिल्या यशस्वी इलेक्ट्रिक गिटारचं अंग ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं होतं. त्यानंतर काही वर्षांनी अमेरिकन गिटारवादक लेस पॉल यांनी एका चौकोनी खांबाच्या तुकड्यावर तारा ताणून गिटार केली. दोन्ही गिटारीच होत्या आणि दोन्ही वाजल्या. आवाजाचा मोठा वाटा पिकअपचा (तारांखालच्या चुंबक-वेटोळ्याचा), तारांचा, तारेच्या लांबीचा आणि वाजवणाऱ्या बोटांचा. लाकडाकडून मला हवंय ते स्थैर्य आणि सोसवेल असं वजन. त्या दोन गोष्टी फणस आणि शिवण देतात, मग समुद्रापलीकडून लाकूड का आणायचं?

खरी कसोटी नेकची, म्हणजे गिटारच्या मानेची. नेहमीच्या दहा नंबरच्या सेटमध्ये (सगळ्यांत बारीक तार ०.०१० इंचाची) सहा तारा मिळून सुमारे ४७ किलोचा ताण देतात, रात्रंदिवस. तो ताण नेकला पुढे वाकवत असतो. म्हणून आत लोखंडी सळी असते, ट्रस रॉड. गिब्सन कंपनीला तिचं पेटंट १९२३ साली मिळालं. सळी घट्ट केली की नेक मागे जातो, सैल केली की पुढे येतो. आपल्याकडे दोन्हीकडे ढकलणारी सळीच घ्या, कारण पावसाळ्यात नेक कुठल्या बाजूला झुकेल याचा नेम नसतो. मी नेक एका फळीतून कापत नाही. तीन पट्ट्या चिकटवते आणि मधलीची रेष उलट फिरवते. एकीला वळावंसं वाटलं तर दुसऱ्या दोघी धरून ठेवतात. आणि नेक अंगाला चिकटवत नाही, चार स्क्रूंनी बसवते. ही लिओ फेंडर यांची पद्धत. ते मुळात रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ, गिटार वाजवत नव्हते, पण बिघडलेला भाग काढून दुसरा बसवता आला पाहिजे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. १९५० साली त्यांनी अशी गिटार बाजारात आणली. दमट मुलखात हा शहाणपणा दुप्पट मोलाचा आहे.

फ्रेटबोर्डला शिसवी. जगातल्या असंख्य गिटारींवर आपल्या सह्याद्रीतल्या जातीची शिसवी आहे. फर्निचरवाल्याकडे उरलेला दोन फुटांचा, सरळ रेषेचा तुकडा पुरतो.

आता फ्रेटच्या जागा, आणि इथे समोर बसलेल्या भजनी मंडळींनी लक्ष द्यावं. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, वादक ते सरकवतो. गिटारचे एकदा ठोकले की ठोकले. त्यांची मांडणी तुमच्या पेटीसारखीच, सप्तकाचे बारा समान भाग. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, बुवांचा कान ज्या सुरांवर तयार होतो, तेच सूर. पेटीचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, गिटारचाही तितकाच. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग.

हिशेब सोपा आहे. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरा. तिला १७.८१७ ने भागा, ३६.३७ येतात, हा पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा १७.८१७ ने भागा, दुसरा फ्रेट. बारावा बरोबर मध्यावर, ३२४ वर आला पाहिजे, तीच पडताळणी. पण आखताना एका फ्रेटपासून पुढचा मोजू नका. प्रत्येक अंतर नटपासूनच, म्हणजे नेकच्या टोकाला तार जिथून सुरू होते त्या खाचांच्या पट्टीपासूनच, मोजा, एकाच स्टीलच्या पट्टीवर. नाहीतर प्रत्येक वेळची केसभर चूक पुढच्या चुकीत मिसळते आणि वर जाईपर्यंत मिलिमीटर होते. बाराव्या फ्रेटशी एक मिलिमीटर म्हणजे ५ सेंट, बाविसाव्याशी साडेनऊ. साडेनऊ सेंट बुवांना सोडा, कोरस देणाऱ्यालाही टोचतील.

फ्रेटची तार नेहमीची निकेल सिल्व्हर असते. तिच्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. ती गंजत नाही, पण खाऱ्या हवेत काळवंडते. स्टेनलेस स्टीलचे फ्रेट कानशीला छळतात, ठोकायलाही कठीण, तरी किनाऱ्यावर राहणाऱ्या वादकाला मी तेच सुचवते. स्क्रूसुद्धा स्टेनलेसचेच. साध्या लोखंडाचा गंज लाकडात उतरतो आणि डाग जन्मभर राहतो.

पाऊस लागला की पिकअप. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी दाखवलं की बदलत्या चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वेटोळ्यात वीज उपजते. गिटारमध्ये तेवढंच घडतं. चुंबकामुळे स्टीलची तार स्वतः किंचित चुंबक होते, ती हलली की वेटोळ्यातलं क्षेत्र हलतं. म्हणून पितळी किंवा नायलॉनच्या तारेला हा पिकअप ओळखत नाही. वेटोळं साधारण ८००० फेऱ्यांचं, त्याचा रोध ६ किलोओहमच्या आसपास. कुडाळ-सावंतवाडीत पंपाच्या मोटारी भरणारे कारागीर आहेत. इनॅमलच्या तारेला नख न लावता ती कशी हाताळायची, ताण कसा सारखा ठेवायचा, हे त्यांच्या हातांत आहे. तासभर शेजारी बसून बघण्यासारखं काम आहे ते.

वेटोळ्याची तार मागताना एक सांभाळा. अमेरिकन पुस्तकात ४२ गेज लिहिलेलं असतं, तिची जाडी ०.०६३ मिलिमीटर. आपल्याकडे दुकानदार बहुधा ब्रिटिश गेजने बोलतो आणि त्याची ४२ नंबर तार ०.१० मिलिमीटरची असते. तेवढ्या जाडीच्या ८००० फेऱ्या वेटोळ्याच्या बॉबिनवर, म्हणजे रिळावर, मावणारच नाहीत. ब्रिटिश गेजची ४६ नंबर मागा, ती ०.०६१ मिलिमीटर येते. एकाच वेटोळ्याच्या पिकअपमध्ये विजेच्या ५० हर्ट्‌झची गुणगुण शिरते, ती नको असेल तर उलट दिशेच्या दोन वेटोळ्यांचा हंबकर करा. नाहीतर निदान खोबणीला आतून तांब्याचा पत्रा चिकटवून तो ग्राउंडला जोडा.

पॉलिशबद्दल थोडक्यात. लॅकर असो की लाखेचं स्पिरिट पॉलिश, दमट दिवशी लावलंत तर आत ओल अडकून पांढुरका धुरकटपणा येतो. जानेवारी-फेब्रुवारीत, दव उडून गेल्यावर, दुपारी लावा. नवशिक्याने जवसाचं उकळलेलं तेल लावावं. पातळ हात, पुसून काढायचं, वाळू द्यायचं. त्याची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा. कोणी विचारतं, होडीला लावतो ते काजूच्या टरफलांचं तेल चालेल का? नाही. ते कातडी भाजतं, आणि गिटार दिवसभर अंगाला चिकटलेली असते.

शेवटी एक गोष्ट, जी मला तुमच्याकडून कबूल करून घ्यायची आहे. गिटारच्या तारा ब्रिजमधून (अंगावर तारा टेकतात त्या धातूच्या भागातून) ग्राउंडला जोडलेल्या असतात, आणि ते ग्राउंड केबलमधून अँपच्या, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या, पेटीपर्यंत जातं. गुणगुण कमी करण्यासाठी हे आवश्यकच आहे. पण सॉकेटला अर्थिंग नसेल आणि अँपमध्ये बिघाड झाला, तर वाजवणाऱ्याच्या बोटांखालची तार जिवंत होते. त्यात गणपतीचे दिवस, ओली जमीन, अनवाणी पाय आणि ओठांशी दुसऱ्या जोडणीवरचा माइक. त्यामुळे अर्थिंगची पिन तोडलेला प्लग वापरायचा नाही. मांडवात गिटार लावण्याआधी वायरमनला बोलावून त्या सॉकेटची अर्थिंग मीटरने मोजून घ्यायची, कारण खिशातला टेस्टर अर्थिंग दाखवत नाही. आणि बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यायचा. तो नसेल तर त्या रात्री गिटार पिशवीतच ठेवा आणि पेटी-पखवाजावर भजन करा.