खाडा

पहाटेचे चार वाजायचेत. उसाच्या फडाशेजारी कोप्यांची रांग. बांबू, पाचट आणि वरून ताडपत्री. चुली पेटल्यात, कारण फडात शिरण्याआधी दिवसभराच्या भाकरी थापून व्हायला हव्यात. ही मुलगी दहा वर्षांची. आई भाकरी थापतेय, ही चुलीत जाळ सारतेय आणि हिच्या मांडीवर धाकटा भाऊ पेंगतोय. दिवस उगवेल तेव्हा आईबाप फडात असतील आणि भाऊ हिच्या कडेवर.

ती बीड जिल्ह्यातली. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार... बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या कितीतरी वाड्या-तांडे दसरा-दिवाळीनंतर ओस पडतात. ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे. काही थेट कर्नाटकात. मागे राहतात म्हातारी माणसं. गाळप संपलं की मार्च-एप्रिलात परत.

आता शाळेचं वेळापत्रक बघा. जूनमध्ये शाळा उघडते, दिवाळीला पहिलं सत्र संपतं. दुसरं सत्र सुरू होतं तेव्हा ही फडावर असते. दरवर्षी. दुसऱ्या सत्रातला धडा तिच्या पुस्तकात असतो, पण तिला कुणी शिकवलेला नसतो. मग वर्गात कुणीतरी म्हणतं, हिला साधं अर्धं-पाव कळत नाही.

अर्धं तिला चांगलं कळतं. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, हे तिला पाढ्यांच्या आधीपासून पाठ आहे. मजूर गोळा करणारा मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. अर्ध्या कोयत्याला उचलही अर्धी. म्हणून पोरगा जरा हाताशी आला की लग्न लावून त्याचा कोयता पूर्ण करायची घाई होते, आणि त्यासाठी कुणाची तरी पोरगी नववी-दहावीतून उठते. तिच्या आईबापालाही घोर असतोच. वयात आलेली मुलगी कोपीवर ठेवायची कशी, आणि गावात ठेवायची तर कुणापाशी?

शाळा चुकली की आपण म्हणतो, खाडा झाला. फडातही हाच शब्द आहे. तापानं अंग फणफणलं म्हणून एक दिवस कामावर गेलं नाही, तर मुकादम खाडा लावतो. रोख रुपयांचा. तो उचलीच्या हिशोबात चढतो. उचल तर हंगामाआधीच संपलेली असते, कुठे लग्नात, कुठे दवाखान्यात, कुठे घरावरच्या पत्र्यांत. ‘या लोकांना शिक्षणाचं महत्त्व पटत नाही’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय, आणि दर वेळी ते मला खटकतं. त्यांना दोन्ही खाडे दिसतात. एकाचे पैसे आज कापले जातात, दुसऱ्याचे दहा वर्षांनी.

शहरातल्या पाचवीतल्या मुलाला ताप आला तर आई वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभ्यास मागवते. दोन दिवसांत वही पूर्ण.

उपाय झालेच नाहीत असं नाही. कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला, त्यानुसार मुलांनी जवळच्या शाळेत बसावं. पण आज या गावचा फड, पंधरा दिवसांनी पुढच्या गावचा. आणि सीमेपलीकडे गेलं तर फळ्यावर कन्नड.

मग हंगामी वसतिगृहं आली. मुलं गावातच ठेवायची, सहा महिने त्यांच्या जेवणाची सोय करायची. कल्पना चांगली. पण रात्री निजायचं कुठे, आजारी पडलं तर बघायचं कुणी? पुष्कळ ठिकाणी याचं उत्तर एकच, आजी. आजी धडधाकट असेल तर नात शाळेत जाते. आजीचे गुडघे गेले की नातीची शाळा गेली. कौटुंबिक पार्श्वभूमी हा जड शब्द या वाडीत इतका साधा होऊन जातो.

१८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला निवेदन दिलं. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. सक्तीवर ते थांबले नाहीत. शेतकऱ्याला गुरं राखायला पोरगं लागतं, तेव्हा त्यानं ते शाळेत पाठवावं म्हणून शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्या, असंही त्यांनी सुचवलं. घरात मुलाच्या हातांची किंमत काय असते, ते त्यांना ठाऊक होतं.

एप्रिल. ट्रॅक्टर वाडीत परतलाय. भांडी, कोयते, गोधड्या उतरतायत. मुलगी शाळेत जाऊन प्रगतिपुस्तक घेऊन येते. वडील ते उलटसुलट करून बघतात. शेवटच्या पानावर शिक्का आहे, ‘वर्गोन्नत’.

पावसाळ्यात मुकादम पुन्हा दारात येतो. चहा होतो. उचलीचा आकडा ठरतो. वहीत नाव लिहिता लिहिता तो सहज विचारतो, “पोरगी केवढी झाली आता?”